लॉगिन झालेला युजर टेस्टमध्ये कसा उभा करता? (सीआयने जीव नको केलाय)

शिळीपोळी | सोमवार, रात्री १०:५२

मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय, सांभाळून घ्या. आमचं पतसंस्थांसाठीचं वेब सॉफ्टवेअर आहे, जँगोवर (पायथनचं वेब फ्रेमवर्क). रोल चार आहेत, कॅशियर, पासिंग ऑफिसर, शाखाधिकारी आणि हेड ऑफिसचा ऑडिटर. टेस्ट भरपूर आहेत, त्या बाबतीत आम्ही सज्जन आहोत, पण जवळजवळ प्रत्येक टेस्ट आधी युजर बनवते, मग लॉगिनच्या यूआरएलवर युजरनेम पासवर्ड पोस्ट करते आणि मग कुठे जाऊन व्हाउचर बिव्हाउचर जे काय तपासायचंय ते तपासते. सीआय (दर बदलाला सगळ्या टेस्ट आपोआप पळवणारी यंत्रणा) लावून जेवून आलं तरी चालूच असतं.

आता प्लेराइटने ब्राउझर टेस्टही सुरू केल्यात, तिथेही तेच, दर टेस्टला लॉगिन फॉर्म भरायचा. आणि मागच्या रिलीजला क्लायंटच्या आग्रहाखातर मोबाइल ओटीपी आला. त्यामुळे आता क्यूएमधली मुलगी फोन समोर ठेवून बसते आणि ओटीपी आला की टाइप करते. याला ऑटोमेशन म्हणायचं का, जाऊ दे.

मी म्हटलं लॉगिन बायपास करू. तर आमचे लीड म्हणतात खरा युजर जे करतो तेच टेस्टने केलं पाहिजे, मागच्या दाराने आत गेलेल्या टेस्टला काय अर्थ. मला त्यांचं पटतंही आणि नाहीही. तुम्ही लोक काय करता?

अर्धवट_कमिट | सोमवार, रात्री ११:१५

फोर्स_लॉगिन वापरा आणि झोपा. जँगोच्या टेस्ट क्लायंटमध्ये १.९ पासून आहे म्हणजे २०१५ पासून, नवीन काही नाही.

(इथे कोड टाकला की फॉरमॅटिंगची वाट लागते म्हणून देवनागरीतच लिहितो) सेल्फ.क्लायंट.फोर्स_लॉगिन(कॅशियर) एवढी एक ओळ, पासवर्ड लागत नाही, सेशन (सर्व्हरवरची लॉगिनची नोंद) तयार होतं, कुकी क्लायंटमध्ये बसते, पुढच्या रिक्वेस्टला रिक्वेस्ट.युजर म्हणजे तुमचा कॅशियर.

तुमचा वेळ कुठे जातोय ते पण सांगतो. पासवर्ड हॅशिंग (पासवर्डची उलटी न फिरवता येणारी स्ट्रिंग बनवणं) जाणूनबुजून हळू ठेवलेलं असतं, कोणी डेटाबेस पळवला तर त्याला पासवर्ड फोडायला वेळ लागावा म्हणून. जँगो डीफॉल्टला पीबीकेडीएफ२ वापरतं आणि दर व्हर्जनला त्याच्या फेऱ्या वाढवतात, ४.२ ला ६ लाख होत्या, ५.० ला ७ लाख २० हजार, ५.२ ला १० लाख. म्हणजे अपग्रेड केलं की टेस्ट आपोआप अजून हळू आणि लोक म्हणतात जँगो स्लो झालं. तुमची एक टेस्ट हे दोनदा करते, एकदा युजर बनवताना आणि एकदा लॉगिन करताना. फोर्स_लॉगिनने दुसरं वाचतं, पहिलं नाही. पहिल्यासाठी टेस्टच्या सेटिंगमध्ये पासवर्ड_हॅशर्सला एमडी५ वाला हॅशर पहिला टाका (फक्त टेस्टच्या सेटिंगमध्ये!! मागे एकाने बेस सेटिंगमध्ये टाकलेला बघितलाय) आणि युजर सेटअपऐवजी सेटअपटेस्टडेटामध्ये बनवा, म्हणजे क्लासमागे एकदाच बनतो.

वरणभात_लिंबू | सोमवार, रात्री ११:३१

+१. वाखु (वाचनखूण) साठवली.

टेस्टफेल_तात्या | मंगळवार, सकाळी ७:०५

लीडला एकदम मोडीत काढू नका, अर्धं बरोबर बोलतोय तो. फोर्स_लॉगिनमध्ये ऑथेंटिकेट हे फंक्शन चालतच नाही. म्हणजे पाच वेळा चुकीचा पासवर्ड टाकल्यावर खातं लॉक होणं, ओटीपीची पायरी, पासवर्डची मुदत संपली म्हणून बदलायला लावणं, तुम्ही स्वतः लिहिलेलं ऑथ बॅकएंड, यातलं काहीही तपासलं जात नाही. पतसंस्थेच्या सॉफ्टवेअरमध्ये हीच तर सगळी लफडी असतात.

पण त्यासाठी चारशे टेस्टनी चारशे वेळा तोच बरोबर पासवर्ड टाकून काय सिद्ध होतं? बरोबर पासवर्ड चालतो, हे एकदाच. लॉगिनच्या टेस्ट लॉगिनच्या फाइलमध्ये ठेवा आणि तिथे कंजूषपणा करू नका. चुकीचा पासवर्ड, लॉक झालेलं खातं, मुदत संपलेला ओटीपी, दुसऱ्याचा ओटीपी, तोच ओटीपी दुसऱ्यांदा, नेक्स्ट पॅरामीटरमध्ये बाहेरच्या साइटची लिंक, सगळं तिथे, खऱ्या फॉर्ममधून, खऱ्या पासवर्डने. बाकीच्या टेस्टना माणूस आत आलाय एवढंच हवं असतं, कसा आला याच्याशी त्यांना देणंघेणं नाही.

आणि एक टेस्ट लिहाच. कॅशियरला फोर्स_लॉगिन करा, एक पान उघडून २०० (पान नीट उघडलं) आला बघा, मग डेटाबेसमध्ये त्याचं इज_अ‍ॅक्टिव्ह फॉल्स करा आणि तेच पान परत मागा. डीफॉल्ट मॉडेलबॅकएंड दर रिक्वेस्टला युजर आणताना हे तपासतं, त्यामुळे बाहेर फेकला गेला पाहिजे. स्वतःचं बॅकएंड लिहिलं असेल आणि गेट_युजरमध्ये ही तपासणी राहिली असेल तर नोकरीवरून काढलेला कॅशियर संध्याकाळपर्यंत निवांत व्हाउचर मारत बसेल.

शिळीपोळी | मंगळवार, सकाळी ९:४०

तात्या, आमचं बॅकएंड स्वतःचंच आहे. बघतो आणि सांगतो. (बघायची भीती वाटतेय.)

कोकणकडा_२२ | मंगळवार, सकाळी ११:२०

मी क्यूएमध्येच आहे, फोन हातात घेऊन बसलेल्या त्या मुलीला माझा नमस्कार सांगा.

सगळे लॉगिन कसं करायचं यावर बोलताय, मला विचारायचंय लॉगिन कोण म्हणून करता? शिळीपोळी, एक काम करा, तुमच्या टेस्टच्या फोल्डरमध्ये सुपरयुजर शोधा. मी आजवर जितक्या टीममध्ये गेले तिथे बहुतेक वेळा हेच दिसलं, की टेस्टमधला लॉगिन झालेला युजर म्हणजे सुपरयुजर, कारण त्याने कुठेच अडत नाही. जँगोमध्ये सुपरयुजर अ‍ॅक्टिव्ह असला की हॅज_पर्म काहीही विचारलं तरी ट्रू म्हणतं. म्हणजे उद्या कोणी व्हाउचर पासिंगवरची परमिशनची ओळ उडवली तरी तुमची एकही टेस्ट फेल होणार नाही. हिरवंगार सीआय.

ओवॅस्प या वेब सुरक्षेच्या संस्थेच्या २०२१ च्या टॉप टेन धोक्यांमध्ये ब्रोकन अ‍ॅक्सेस कंट्रोल पहिल्या नंबरवर आलं, त्याआधी २०१७ च्या यादीत ते पाचवं होतं. लोकांना लॉगिन जमत नाही असं नाहीये, आत आलेल्या माणसाला जिथे जायला नको तिथे जाता येतं हा प्रॉब्लेम आहे. त्यामुळे मला विचाराल तर खोटा लॉगिन वापरायचा खरा फायदा स्पीड नाहीच. एका ओळीत कोणीही होता येतं, त्यामुळे नकाराच्या टेस्ट स्वस्तात लिहिता येतात, हा आहे. फॉर्म भरून लॉगिन करायला लागलं तर चार रोल गुणिले पन्नास पानं कोण लिहिणार? कोणी लिहीत नाही, म्हणून सुपरयुजर.

तुमच्याकडे तर ऐता मसाला आहे. कॅशियरने स्वतः बनवलेलं व्हाउचर स्वतः पास करायचा प्रयत्न केला, ४०३ (परवानगी नाही) आला पाहिजे. एकाच माणसाला दोन्ही रोल दिलेत (छोट्या शाखेत देतात, मला माहीत आहे) तरीही स्वतःचं व्हाउचर स्वतः नाही. दुसऱ्या शाखेच्या ऑफिसरने यूआरएलमधला नंबर बदलून या शाखेचं व्हाउचर उघडलं, ४०४ (असं पानच नाही) आला पाहिजे, म्हणजे ते आहे की नाही हेही त्याला कळायला नको. ऑडिटरला सगळं दिसलं पाहिजे आणि काहीच बदलता येता कामा नये, म्हणजे गेट चालेल, पोस्ट नाही. प्रत्येक टेस्टमध्ये नकार आल्यावर डेटाबेसमध्ये व्हाउचरचं स्टेटस बदललं नाही हे पण बघायचं, कारण आधी सेव्ह करून मग ४०३ देणारा कोड मी या डोळ्यांनी बघितलेला आहे.

शिळीपोळी | मंगळवार, दुपारी १२:०८

ताई, शोधलं. आमच्या युजर फॅक्टरीतच (टेस्टचे युजर बनवणारा कोड) डीफॉल्टला इज_सुपरयुजर ट्रू आहे. गिट ब्लेममध्ये (कुठली ओळ कोणी लिहिली ते दाखवणारी कमांड) ज्याचं नाव आहे तो कधीच सोडून गेलाय.

वरणभात_लिंबू | मंगळवार, दुपारी १२:१५

गिट ब्लेममधला माणूस नेहमी सोडूनच गेलेला असतो =))

अर्धवट_कमिट | मंगळवार, दुपारी १:३०

कोकणकडा ताईंशी सहमत. त्यात एक खोच सांगतो, यावर मी लोकांना तासन् तास डोकं आपटताना बघितलंय. क्लायंट.गेट करताना फॉलो=ट्रू देतात आणि मग स्टेटस कोड २०० आहे का एवढंच तपासतात. आता युजर लॉगिनच नसेल तर काय होईल? ३०२ ने (म्हणजे रीडायरेक्ट होऊन) लॉगिन पेजवर जाईल, लॉगिन पेज छान उघडेल, २०० येईल, टेस्ट पास. म्हणजे ही टेस्ट पास व्हायला लॉगिनची गरजच नाही. त्यामुळे एकतर फॉलो काढा, नाहीतर पानावरचं काहीतरी खास तपासा, खातेदाराचं नाव, व्हाउचर नंबर, काहीही.

आणि ताईंच्या रोल गुणिले पानांचा तक्ता बनवलात की काही ठिकाणी ४०३ आणि काही ठिकाणी ३०२ येईल, गोंधळू नका. परमिशन_रिक्वायर्ड हा डेकोरेटर परमिशन नसली की लॉगिन झालेल्या माणसालाही लॉगिन पेजवर पाठवतो, रेज_एक्सेप्शन=ट्रू दिलं तरच ४०३. मिक्सिन वापरलं तर लॉगिन झालेल्याला सरळ ४०३ मिळतो. दोन्ही वापरलं असेल, म्हणजे प्रत्येक जुन्या प्रोजेक्टमध्ये, तर तक्ता ठिगळाठिगळांचा दिसतो.

रात्रपाळी | मंगळवार, दुपारी ३:४५

जावावाले पण आहोत म्हटलं इथे. आमच्याकडे स्प्रिंग सिक्युरिटी, टेस्टवर @विथमॉकयुजर लिहिलं की झालं. काहीच दिलं नाही तर नाव युजर, पासवर्ड पासवर्ड आणि रोल युजर असा एक इसम उभा राहतो. पण हा इसम डेटाबेसमध्ये नसतो, त्यामुळे कंट्रोलरमध्ये तुमच्या स्वतःच्या प्रिन्सिपल क्लासमध्ये कास्ट केलं असेल (शाखेचा नंबर काढायला वगैरे) तर क्लासकास्टएक्सेप्शन खाऊन पडतो. तिथे @विथयुजरडीटेल्स वापरायचं, ते तुमच्या यूजरडीटेल्ससर्विसमधून खरा युजर आणतं.

ताईंनी नकाराच्या टेस्ट म्हटलं म्हणून सांगतो, आमच्याकडे त्यात एक भारी सापळा आहे. मॉकएमव्हीसीने पोस्ट करताना सीएसआरएफ टोकन (फॉर्म आपल्याच साइटवरून आला याची खूण) जोडायला विसरलात तर ४०३ येतो. आणि तुमची टेस्ट तर ४०३ च अपेक्षित धरून बसलीये, क्लार्कला पासिंग करता येऊ नये म्हणून. टेस्ट पास! रोलची तपासणी कोडमध्ये लिहिलेलीच नाहीये तरी पास. नकार आला हे पुरत नाही, कशामुळे आला ते बघावं लागतं. साधा उपाय म्हणजे तीच रिक्वेस्ट, अक्षरशः तीच, परवानगी असलेल्या माणसाने केली तर जाते का ही जोडटेस्ट शेजारीच लिहायची.

अर्धवट_कमिट | मंगळवार, दुपारी ४:०२

जँगोत याच्या उलटं आहे, टेस्ट क्लायंट डीफॉल्टला सीएसआरएफ तपासतच नाही. हवं असेल तर क्लायंट बनवताना एन्फोर्स_सीएसआरएफ_चेक्स=ट्रू द्यायचं. फॉर्ममध्ये टोकनचा टॅग विसरला तर युनिट टेस्टला कळत नाही, ब्राउझर टेस्टला कळतं.

वरणभात_लिंबू | मंगळवार, संध्याकाळी ६:२०

बरं, नुसतं +१ करायचा कंटाळा आला म्हणून एक खरा प्रतिसाद. रिक्वेस्टफॅक्टरी वापरणाऱ्यांसाठी. तिथे मिडलवेअर चालत नाही त्यामुळे रिक्वेस्ट.युजर = ऑफिसर असं हातानेच चिकटवायला लागतं, फास्ट आहे, व्ह्यू एकटा तपासायला बरं पडतं. पण परमिशनचा कॅश त्या युजर ऑब्जेक्टवरच असतो. म्हणजे आधी एक रिक्वेस्ट केली, ४०३ आला, मग युजरला परमिशन दिली आणि तोच ऑब्जेक्ट परत चिकटवला तर अजूनही ४०३ च. रिफ्रेश_फ्रॉम_डीबीने पण तो कॅश जात नाही, ऑब्जेक्ट नव्याने गेट करून आणावा लागतो. क्लायंट वापरला तर हा प्रश्न येत नाही कारण तिथे दर रिक्वेस्टला युजर नव्याने येतो. मी आता सरळ क्लायंटच वापरतो, वाचलेले मिलिसेकंद कुठे नेऊन ठेवणार.

लारावेलमध्ये अ‍ॅक्टिंगअ‍ॅज, रेल्सवाल्यांची डिव्हाइज (devise) ही लॉगिनची लायब्ररी असेल तर साइन_इन, सगळीकडे कल्पना एकच आहे. जँगो रेस्ट फ्रेमवर्कवाल्यांनी फोर्स_ऑथेंटिकेट वापरा, पण लक्षात ठेवा तिथे टोकन वाचणारा कोड बायपास होतो, मुदत संपलेल्या टोकनची टेस्ट करायची तर खरा हेडरच लावायचा.

शिळीपोळी | बुधवार, सकाळी १०:१०

तात्या, इज_अ‍ॅक्टिव्हवाली टेस्ट लिहिली. फेल झाली. मीटिंग लागली आहे.

तोपर्यंत ब्राउझरचं सांगा ना कोणीतरी, फोर्स_लॉगिन तिथे कसं चालणार, आणि ओटीपीचं काय?

कोकणकडा_२२ | बुधवार, दुपारी १२:४०

प्लेराइटमध्ये स्टोरेजस्टेट म्हणून सोय आहे. एकदा लॉगिन करायचं, मग ब्राउझरच्या कुकीज आणि लोकलस्टोरेज एका जेसन फाइलमध्ये सेव्ह करायचं, पुढच्या टेस्ट ती फाइल घेऊन सुरू होतात, म्हणजे पहिल्या क्षणापासून लॉगिन झालेल्याच. कॉन्फिगमध्ये एक सेटअप प्रोजेक्ट बनवायचा आणि बाकीच्या प्रोजेक्टना त्यावर डिपेंड करायचं. प्रत्येक रोलची वेगळी फाइल, कॅशियर.जेसन, ऑफिसर.जेसन अशी. सायप्रेसवाल्यांना हेच काम साय.सेशन करतं, १२ पासून ते पक्कं झालं.

सेशनस्टोरेज मात्र यात सेव्ह होत नाही, टोकन तिथे ठेवणारं अ‍ॅप असेल तर हाताने भरायला लागतं. इंडेक्स्डडीबी १.५१ पासून पर्याय देऊन सेव्ह करता येतं, फायरबेसचं लॉगिन तिथे असतं म्हणून त्याची मागणी खूप होती.

या फाइलमध्ये जिवंत सेशन असतं, ती गिटमध्ये टाकायची नाही, गिटइग्नोर करा. हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरी रिपोमध्ये सापडते.

आणि पतसंस्थावाल्यांनो, तुमच्याकडे एका युजरचं एकाच वेळी एकच लॉगिन असा नियम असणार. असेल तर चार वर्कर एकाच कॅशियरच्या नावाने पळवू नका, एकजण लॉगिन करेल की दुसऱ्याला सर्व्हर बाहेर काढेल आणि टेस्ट अधूनमधून, विनाकारण फेल होतील. पॅरलल इंडेक्स वापरून वर्करमागे वेगळा युजर बनवा. लॉगआउटच्या टेस्टला तर स्वतंत्र युजरच द्या, ती सर्व्हरवरचं सेशन मारते आणि बाकीच्यांच्या फाइली फुकट जातात.

टेस्टफेल_तात्या | बुधवार, दुपारी २:१५

सेटअपमध्ये फॉर्म भरायचीसुद्धा गरज नाही. टेस्टच्या डेटाबेसला जोडलेली मॅनेजमेंट कमांड लिहा, तिच्यात जँगोचा टेस्ट क्लायंट घ्या, फोर्स_लॉगिन करा, त्याच्या कुकीजमधून सेशनआयडीची व्हॅल्यू काढा आणि ती ब्राउझर कॉन्टेक्स्टला अ‍ॅडकुकीजने द्या. सेलेनियम असेल तर कुकी लावायच्या आधी त्या डोमेनचं कुठलंतरी पान उघडून घ्यावं लागतं, नाहीतर ते डोमेन चुकीचं आहे म्हणून ओरडतं.

ओटीपी. एसएमएस पाठवणारा भाग हा वेगळा क्लास पाहिजे आणि कुठला क्लास वापरायचा ते सेटिंगमधून ठरलं पाहिजे. टेस्टमध्ये एसएमएस न पाठवता ओटीपी एका यादीत टाकणारा क्लास लावा, जँगोची ईमेल टेस्टमध्ये मेल.आउटबॉक्समध्ये जाते, अगदी तसं. टेस्ट तिथून ओटीपी वाचेल आणि फॉर्ममध्ये टाकेल. ओटीपी बनवणं, साठवणं, तपासणं, मुदत, सगळा कोड खराच चालतो, फक्त टेलिकॉम कंपनी मधून बाजूला झाली. ब्राउझर टेस्टला सर्व्हर वेगळ्या प्रोसेसमध्ये असतो म्हणून यादीऐवजी टेबलात किंवा रेडिसमध्ये (मेमरीतला डेटास्टोअर) टाका. ऑथेंटिकेटर अ‍ॅपवाला ओटीपी असेल तर अजून सोपं, सीक्रेट टेस्टला द्या, दर ३० सेकंदांचा कोड ती स्वतः काढेल, तो अल्गोरिदम २०११ पासून जाहीर आहे. फायरबेसवर असाल तर तिथे टेस्टचे खोटे फोन नंबर आणि ठरलेला कोड नोंदवता येतो.

निवडुंग_नाशिक | बुधवार, दुपारी ३:०५

एवढी कशाला उठाठेव, मास्टर ओटीपी ठेवा ना सहा शून्य. आमच्याकडे सगळीकडे चालतो. नंतर प्रॉडक्शनला काढून टाकायचा.

टेस्टफेल_तात्या | बुधवार, दुपारी ३:१२

नंतर काढून टाकायचा म्हणे. नंतर कधी? जो कोणी काढणार आहे तो सुट्टीवर असतो आणि रिलीज शुक्रवारी संध्याकाळी असतं. एका ठिकाणी, नाव घेत नाही, टेस्टसाठी बनवलेली थेट लॉगिनची यूआरएल प्रॉडक्शनला तशीच गेली होती, पाठीमागे युजर आयडी लावला की तुम्ही तो युजर. एका शाखेतल्या ऑपरेटरला तिचा पत्ता कुठल्यातरी स्क्रीनशॉटमधून कळला आणि तो पासवर्ड विसरला की तीच वापरायचा!! त्यामुळे तक्रारही कोणी केली नाही.

निवडुंग_नाशिक | बुधवार, दुपारी ३:२०

आमचं इफ डीबग मध्ये आहे हो तात्या. एवढं काय.

रात्रपाळी | बुधवार, दुपारी ३:५०

इफ डीबग म्हणजे एका एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलवर अख्खी पतसंस्था. कोणी लॉग बघायला म्हणून पाच मिनिटं डीबग चालू केला की दार उघडं. नियम एकच ठेवा, टेस्टची सोय प्रॉडक्शनच्या पॅकेजमध्ये असताच कामा नये. टेस्टचा कोड वेगळ्या मॉड्यूलमध्ये, टेस्टची सेटिंग फाइल त्याला बोलावते, प्रॉडक्शनच्या इमेजमध्ये ते फोल्डरच कॉपी होत नाही.

अर्धवट_कमिट | बुधवार, संध्याकाळी ५:३०

आणि वरून एक कस्टम चेक. जँगोमध्ये डिप्लॉय टॅगवाला चेक लिहिता येतो, एसएमएसचा क्लास खोटा असेल किंवा हॅशर एमडी५ असेल तर मॅनेज.पीवाय चेक --डिप्लॉय ने एरर द्यायची आणि पाइपलाइन तिथेच थांबवायची. दहा ओळींचं काम आहे.

अजून एक, ५.१ पासून लॉगिनरिक्वायर्डमिडलवेअर आलंय. ते लावलं की प्रत्येक व्ह्यूला लॉगिन लागतंच, ज्याला नको त्याच्यावर उलटा डेकोरेटर लावायचा. ताईंच्या तक्त्यातला न लॉगिन झालेल्या माणसाचा रकाना बराचसा आपोआप सुटतो.

शिळीपोळी | गुरुवार, सकाळी ११:००

स्टोरेजस्टेट लावलं. दिवसभर झकास. आज सकाळी आलो तर पहिल्या रनला सगळं लाल, सगळ्या टेस्ट लॉगिन पेजवर. फाइली परत बनवल्या की पुन्हा हिरवं. बाकीच्यांना विचारलं तर म्हणे आधी कोणीतरी हा प्रयोग केला होता तेव्हाही रोज सकाळी हेच व्हायचं म्हणून सोडून दिला. सेशनची मुदत दोन आठवड्यांची आहे, सेशन रेडिसमध्ये आहेत, रेडिस रीस्टार्ट होत नाही, कुकी जागेवर, रेडिसमध्ये सेशनची की (key) पण दिसते. मग?

टेस्टफेल_तात्या | गुरुवार, सकाळी ११:२५

रात्री टेस्टचा डेटाबेस नव्याने भरता का?

शिळीपोळी | गुरुवार, सकाळी ११:२८

हो, रात्री दोनला सीड स्क्रिप्ट चालते. पण युजर तेच असतात, आयडीपण तेच.

टेस्टफेल_तात्या | गुरुवार, सकाळी ११:५०

युजर तेच, पासवर्डचा हॅश वेगळा. सीड स्क्रिप्ट क्रिएट_युजर करते, दर वेळी नवीन सॉल्ट (हॅशमध्ये मिसळायची रँडम स्ट्रिंग) पडतं, तोच पासवर्ड असला तरी कॉलममधली स्ट्रिंग बदलते. जँगोच्या सेशनमध्ये तीन गोष्टी असतात, युजरचा आयडी, बॅकएंडचं नाव आणि पासवर्डच्या त्या कॉलमवरून काढलेला एक हॅश. दर रिक्वेस्टला तो जुळवून बघतात. जुळला नाही की सेशन साफ, तुम्ही अनामिक. पासवर्ड बदलला की बाकीच्या सगळ्या ठिकाणचं लॉगिन उडावं म्हणून ही सोय आहे आणि ती बरोबरच काम करतेय. की दिसली म्हणालात ना, एकदा टेस्ट चालवून फेल होऊ द्या आणि मग परत बघा, गेलेली असेल.

सीडमध्ये पासवर्डचा तयार हॅश फिक्स्चरमधून भरा, किंवा स्टेटच्या फाइली दर रनच्या सुरुवातीला बनवा. मी दुसरं करीन. साठवलेल्या सेशनवर भरवसा ठेवायचा म्हणजे अशी अजून दहा कारणं निघतात.

याच कारणाने पासवर्ड बदलायच्या टेस्टमध्ये सेट_पासवर्ड आणि सेव्ह केल्यावर पुढची रिक्वेस्ट ३०२ येते आणि लोक फ्रेमवर्कला शिव्या घालतात.

शिळीपोळी | गुरुवार, दुपारी १२:३०

तात्या __/\__ की खरंच गेली.

उन्हाळी_बटाटा | गुरुवार, दुपारी ४:४०

मध्येच घुसतोय. आमच्याकडे डॉकर कंपोजमध्ये कुकी बरोबर लावूनही लॉगिन होत नाहीये, माझ्या लॅपटॉपवर तोच कोड चालतो. कोणाला काही सुचतंय का?

अर्धवट_कमिट | गुरुवार, दुपारी ४:५५

सेशन_कुकी_सिक्युअर ट्रू असणार. लॅपटॉपवर तुम्ही लोकलहोस्ट उघडता, त्याला क्रोम आणि फायरफॉक्स सूट देतात. कंपोजमध्ये एचटीटीपी वेब:८००० असं काहीतरी उघडत असाल, तिथे सूट नाही, एचटीटीपीवर सिक्युअर कुकी ब्राउझर घेतच नाही आणि पाठवतही नाही. टेस्टच्या सेटिंगमध्ये फॉल्स करा, किंवा कंपोजमध्ये पुढे एचटीटीपीएसवाला प्रॉक्सी लावा. प्रॉक्सी लावलात तर प्रॉडक्शनच्या जास्त जवळ जाल.

उन्हाळी_बटाटा | गुरुवार, संध्याकाळी ५:१०

तेच होतं. सलाम. जाता जाता, गूगलने लॉगिन असेल तर? आमची टेस्ट गूगलच्या पानावरच अडकते.

रात्रपाळी | गुरुवार, संध्याकाळी ६:३०

गूगलच्या पानावर टेस्ट नेऊच नका, ऑटोमेशनवाला ब्राउझर ते ओळखतात आणि अडवतात, आणि तसंही गूगलचं लॉगिन चालतं का हे तपासणं तुमचं काम नाही. कंटेनरमध्ये कीक्लोक (स्वतःचा लॉगिन सर्व्हर) उभा करा, रेल्मची फाइल इम्पोर्ट करून त्यात टेस्टचे युजर ठेवा, आणि अ‍ॅपला इश्यूअरचा पत्ता तिकडचा द्या. रीडायरेक्ट, स्टेट, टोकनची सही तपासणं, सगळं खरं चालतं. हे लॉगिनच्या दोन चार टेस्टसाठीच. बाकीच्यांना सेशन द्या हातात.

शिळीपोळी | शुक्रवार, सकाळी १०:२०

अपडेट. फॅक्टरीतलं सुपरयुजर काढल्यावर बऱ्याच टेस्ट पडल्या, त्यातल्या बहुतेक टेस्टचा युजरच चुकीचा होता, पण दोन यूआरएल खरंच उघड्या निघाल्या, त्यातली एक एनपीए रिपोर्टची एक्सेल. लीड आता स्वतः तक्ता बनवतायत, रोल आडवे, यूआरएल उभ्या. ताई, तक्त्यात नसलेली यूआरएल सापडली तर टेस्ट फेल करायची असंही त्यांनी घातलंय, रिझॉल्व्हरमधून (यूआरएल कुठल्या व्ह्यूला जाते ते ठरवणारा जँगोचा भाग) सगळे पॅटर्न काढून.

शेवटचा प्रश्न. कॅशियर व्हाउचर बनवतो आणि लगेच ऑफिसर ते पास करतो ही एकच ब्राउझर टेस्ट हवी आहे. मधे लॉगआउट लॉगिन करत बसायचं का?

कोकणकडा_२२ | शुक्रवार, सकाळी १०:४५

रिझॉल्व्हरवालं मस्त केलंय, लीडना सांगा.

नाही, लॉगआउट नको. एकाच टेस्टमध्ये ब्राउझर.न्यूकॉन्टेक्स्ट दोनदा करायचा, एकाला कॅशियर.जेसन, दुसऱ्याला ऑफिसर.जेसन. दोन्ही कॉन्टेक्स्टच्या कुकीज पूर्ण वेगळ्या असतात. कॅशियरच्या पानावर व्हाउचर सेव्ह, नंबर वाचून घ्या, ऑफिसरच्या पानावर तो नंबर शोधा, पास करा, मग परत कॅशियरच्या पानावर येऊन एडिटचं बटण गेलं का बघा. आणि तिथेच, बटण गेलं असलं तरी, एडिटची रिक्वेस्ट पेज.रिक्वेस्टने थेट पाठवून नकार येतो का ते पण बघा, तीच कुकी वापरून जाते ती. सीएसआरएफचं टोकन मात्र सोबत द्यायला विसरू नका, नाहीतर रात्रपाळींचा सापळा इथेही आहेच, ४०३ त्यानेच येईल.

शिळीपोळी | शुक्रवार, दुपारी १:१५

दोन कॉन्टेक्स्ट चालले! फक्त एक अडचण, ऑफिसरच्या पानावर व्हाउचर आपोआप येतच नाही, टेस्टमध्ये पेज रीलोड करायला लागतंय. वेट किती सेकंदांचा टाकू?

कोकणकडा_२२ | शुक्रवार, दुपारी १:२२

वेट कसला टाकताय, तुमच्या खऱ्या ऑफिसरला पण दिसत नसणार मग ते. शाखेत फोन करून विचारा, दर दोन मिनिटांनी एफ५ दाबतात का.

शिळीपोळी | शुक्रवार, दुपारी १:५०

दाबतात.

टेस्टफेल_तात्या | शुक्रवार, दुपारी १:५५

त्याचा वेगळा धागा काढा.